मूर्तिकारांनी दिलेला चेहरा

आमच्या वर्तमानपत्राच्या अलिबाग कार्यालयात आराखडे-नकाशे काढणारे मूर्तिकार कोणताही फोटो हातात घेतला की आधी विचारत, "मागून कसं दिसतं हे?" उलटलेला ट्रक असो की निवडून आलेले आमदार, प्रश्न तोच. मी बातम्यांच्या टेबलावर, आणि पान सोडायची घाई कायम मानगुटीवर. "अहो, वाचक मागून बघत नाही," मी खेकसायचो. ते शांतपणे म्हणत, "बघत नाही, पण मागं काही नसलं तर त्याला कळतं." त्यांनी काढलेले अपघातांचे आराखडे इतरांपेक्षा सरस असत, म्हणून मीही फार ताणत नसे.

नाव हरिश्चंद्र, पण सगळ्यांचे ते मूर्तिकारच. श्रीवर्धनजवळच्या कोळीवाड्यातला हा माणूस मुंबईत शिल्पकला शिकून गावी परतला, शेड टाकली आणि लोकांच्या दिवंगत वडिलांचे अर्धपुतळे करू लागला. वादळात शेड साच्यांसकट आडवी झाली. मग आमच्याकडे ग्राफिक्सला आले. वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पुतळा चुकला तर पन्नास वर्षं त्यावर कावळे बसतात. इथली चूक दुसऱ्या दिवशी भजी बांधायला जाते. सुखात आहे मी." सुखात नव्हते. बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे, जबड्याकडे असे बघत राहायचे, की माणूस चपापायचा.

गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या भावाची, नामदेवची, होडी बुडाली. दोन खलाशी पोहत किनाऱ्याला लागले, नामदेव लागला नाही. बातमीसोबतचा आराखडा मी दुसऱ्याला सांगितला, तर मूर्तिकार म्हणाले, "होडी माझ्या ओळखीची आहे. मीच करतो." केला, पान जाईपर्यंत थांबले आणि मग गावी गेले.

शोध थांबला. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पण त्यांची आई ऐकेना. पोरगा दुसऱ्या बंदराला लागला असेल, हेच धरून बसली होती. तिच्यापुढे नामदेवची बायको रडायलाही धजत नव्हती. विधी झाल्याशिवाय त्या घराची सुटका नव्हती. अखेर कशीबशी म्हातारी तयार झाली आणि मी आगरदांड्याहून फेरीबोटीने पलीकडे उतरून त्यांच्या घरी पोहोचलो.

भटजींनी दर्भ बांधून, डोक्याच्या जागी नारळ ठेवून वर पिठाचा लेप दिला होता. म्हातारी उंबऱ्यातून बघत होती. "ह्याला तोंड न्हाय," ती म्हणाली. "ह्यो कोन हाय? ह्याला मी माजा नाम्या कसा म्हनू?"

मूर्तिकार खाली बसले आणि पीठ भिजवू लागले. "चेहऱ्याची गरज नसते हो," भटजी म्हणाले. मूर्तिकारांना ते ऐकूच गेलं नसावं. इतक्या वर्षांचे उपाशी हात होते ते. थोड्याच वेळात तिथे नामदेव होता, वाकड्या नाकासकट. आम्ही मूर्खांसारखे वाहवा करत राहिलो. म्हातारी पुढे आली, तिने ते डोकं मांडीवर घेतलं आणि पदराने कपाळ पुसू लागली.

आता ती सोडेना. "निजलाय," म्हणाली. "कुठं न्हेताय?" बायकांनी समजावलं, भटजींनी समजावलं. दुपार कलली. नामदेवची बायको भिंतीला टेकून उभी होती. शेवटी मूर्तिकार आईसमोर बसले आणि त्या चेहऱ्यावरून तळहात फिरवला. एकदाच, दाबून. नाक, डोळे, ओठ, सगळं सपाट झालं. तसलं काही पुन्हा बघायची माझ्यात ताकद नाही.

म्हातारीचे हात सुटले. ती ओरडली नाही. "दर्यानं न्हेला तवा मी कुनाला काय बोलले न्हाय, हरी," ती म्हणाली. "पन आता तर ह्यो माज्या मांडीवर व्हता."

अग्नी मूर्तिकारांनीच दिला. मग ते कामावर आले आणि पूर्वीसारखे बाण, नकाशे काढू लागले. सुट्टी मिळाली की गावी जातात. परवा धीर करून मी विचारलं, "आई बोलते का आता?"

"जेवायला वाढते," ते म्हणाले. "माझ्या तोंडाकडे न बघता."