पाहुण्यांच्या टेबलावरचं बाळ

फ्रीसलंड या डच प्रांतातल्या एका गावात बाळंतपणं घरीच व्हायची. सुईण यायची आणि तिच्याबरोबर बाळ-बाळंतिणीचं बघायला हिल्त्ये. रक्त, वार, बाळाची पहिली काळी चिकट शी, कशाचंच तिला काही वाटत नसे. हात धुऊन खुशाल जेवायला बसायची. शिसारी यायची ती बाळ बघायला जमणाऱ्यांची.

सीब्रनच्या बायकोला, यिस्काला, मुलगी झाली. जरा उशिरा रडली, पण रडली. हिल्त्येने तिला कोरडं केलं, ठोके मोजले, रंग पाहिला. हातपाय निळसर, बाकी अंग गुलाबी. ठीक होतं. अंगावरचा जन्मतःचा पांढरा चिकट लेप कातडीला जपतो म्हणून तिने मुद्दाम राहू दिला आणि पोरीला गरम टॉवेलात गुंडाळलं. तेवढ्यात यिस्काला फार रक्त जाऊ लागलं.

"हिल्त्ये, पोट चोळ!" सुईण ओरडली.

हिल्त्येने बाळ यिस्काच्या सासूकडे, फोक्येआजीकडे दिलं. "असंच धरून बसा. उघडू नका हं."

रक्त थांबलं. हिल्त्ये वळून बघते तर आजी नाही, बाळ नाही.

दोघी सापडल्या बैठकीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गराड्यात. टेबलावर बाळ झालं की पाहुण्यांना देतात ते लोणी लावलेले टोस्ट, वर गुलाबी-पांढऱ्या बडीशेपेच्या गोळ्या, आणि त्या ताटांच्या मधे बाळ. उघडंनागडं, ओलंचिंब. आजी ओल्या फडक्याने लेप खरवडत होती. सीब्रनचा डाउवेकाका थेट डुकरांच्या गोठ्यातून आलेला; लाकडी बूट दाराशी काढले होते, वास मात्र मोज्यांबरोबर आत आला होता. तोंडात सिगार धरून, थुंकी लावलेल्या बोटाने तो पोरीची भुवई सारखी करत होता.

हिल्त्ये गराड्यातून वाट काढत टेबलापाशी गेली.

"हे काय चालवलंय आजीबाई?"

"अगं, चीज फासल्यासारखी दिसत होती! अशी आणू लोकांपुढे?"

"आणायला सांगितलं कुणी?"

"टोस्ट खायला आलेल्याला बाळ दाखवावंच लागतं, बाई," काका धूर सोडत म्हणाला. "बघ, गातेय कशी!"

गात कसली! प्रत्येक श्वासाला कण्हत होती. नाकपुड्या फुलत होत्या, फासळ्यांखाली खड्डा पडत होता. पाठ गार, ओठ निळे.

हिल्त्येने तिला उचललं, पुसत पुसतच आत नेलं आणि यिस्काच्या उघड्या छातीवर पालथी ठेवली. डोक्याला टोपी, वर गरम पांघरूण.

"नागडी ठेवतेस आईवर? जनावरं का आम्ही?" आजी मागोमाग आलीच.

जनावरं बरी, हिल्त्येच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"आई, बाहेर जा," यिस्काच्या उशाशी उभा असलेला सीब्रन म्हणाला. त्याने तिला बाहेर काढून दार लावलं.

"रंग नाही आला तर दवाखान्यात न्यायचं," सुईण फोनपाशी जाऊन उभी राहिली.

हिल्त्ये पांघरुणाखाली हात घालून पोरीचा श्वास बघत बसली. कण्हणं विरळ होत गेलं. मग थांबलं. फासळ्यांखालचा खड्डा भरला, ओठ गुलाबी झाले, आणि पोरगी तोंड उघडून आईच्या अंगावर काही शोधायला लागली. यिस्का रडायला लागली.

दार किलकिलं झालं. आजीचं डोकं आत, पाठोपाठ सिगारचा धूर.

"आला ना रंग? मग आण की जरा. डाउवे म्हणतो, त्याने नीटशी बघितलीच नाही."

हिल्त्येने पायानेच दार लोटलं. पोरीच्या पाठीवरचा हात तिने काढला नाही.