अनामी सरदार आणि त्याची बायको

माझे वडील सायगॉनला एका कापडाच्या पेढीवर कामाला होते. कायमचे परत आले तेव्हा त्यांनी दोन जुन्या लाकडी मूर्ती आणल्या. खुर्चीत ताठ बसलेला एक अनामी, म्हणजे तिकडच्या अनाम मुलखातला, सरदार आणि त्याची बायको. अंगावर झाडाच्या चिकाचं तांबडं रोगण, वर सोन्याचा वर्ख. जालन्याची कोरडी हवा त्यांना सोसायची नाही, म्हणून उन्हाळ्यात आई त्यांच्याजवळ पाण्याची घागर ठेवायची.

वडील तापानं गेले. तेरावा उरकला तसं काकांनी मूर्ती आपल्या बैठकीत नेल्या. "घराण्याची चीज आहे, वहिनी. बाईमाणसाला काय करायची?" आम्हा मायलेकींना त्यांनी मंठ्याला मामाकडे धाडलं. गाडीत बसताना आई रडली नाही. "याचा हिशेब बराबर करीन," एवढंच म्हणाली.

संधी काकांनीच दिली. जिल्ह्याचे हाकीम तालुकदारसाहेब त्यांच्याकडे येणार होते आणि मूर्ती साहेबांना नजर, म्हणजे भेट, करायच्या होत्या. पण वर्ख मळला होता. काका मंठ्याला आले.

"वहिनी, दादा यांना काय लावायचे?"

"त्या आम्हाला परत द्या, भाऊजी. मंग सांगते."

काका हसले. "ते न्हाई व्हायचं."

आईनं पदर सावरला. "गोडं तेल चोळा आन् गच्चीवर उन्हात ठिवा. बिलकुल आरशावानी होतील."

घरातल्या देव्हाऱ्यालाही तेल लावतातच; काकांना शंका आली नाही. ते गेल्यावर मी आईवर ओरडले. मूर्ती माझ्या वडिलांच्या होत्या.

"तुझ्या बापाची चीज काकाच्या हातानं नजर व्हावी, त्यापरीस खराब झालेली बरी," ती म्हणाली. मला ते पटलं. आजही पटतं.

पुढचं काकूनं सांगितलं, तोंडाला पदर लावून. साहेबांनी सरदार हातात घेतला आणि त्याचं नाक, ओठ, मिशा खपल्यांसारख्या त्यांच्या शेरवानीवर गळल्या. बायको मानेपासून चिरली होती. साहेब शेरवानी झटकत उठले आणि चहाही न घेता गेले. काकांनी दोन्ही मूर्ती पोत्यात घालून आमच्याकडे पाठवल्या.

माझ्या लग्नात काका पंगतीला बसले. आईनं त्या दोघांना बरोबर त्यांच्या पानासमोरच्या कोनाड्यात मांडलं होतं. काकांनी एकदाही मान वर केली नाही. आई दारात उभी राहून वाढप्याला सांगत होती, "भाऊजींना अजून वाढा. पोटभर जेवू द्या."