भावजींच्या दोन बरण्या

सकाळी देवापुढे बसले, पण मन थाऱ्यावर नव्हतं. ओठांवर प्रार्थना आणि डोळ्यांपुढे त्या साहेबाचं तोंड. असल्या मनाने देवाचं नाव घेण्यापेक्षा आधी राग कागदावर उतरवावा, म्हणून वही उघडली. राग ज्यांच्यासाठी आहे ते माझे धाकटे दीर. त्यांच्याबद्दल दुसरं कोणी चार ओळी लिहील असं वाटत नाही. तेव्हा मीच लिहिते.

मी या घरात आले तेव्हा भावजी आठवीत होते. शाळेतून आले की दप्तर फेकायचं आणि माझ्यापाशी ओट्याशी उभं राहून दिवसभराचं सगळं सांगायचं, ही सवय तेव्हाची. ती अजून सुटलेली नाही. मामंजी गेल्यावर शाळा सुटली आणि ते पेस्ट कंट्रोलच्या कंपनीत लागले. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. सव्वीस वर्षं हा माणूस लोकांच्या ओट्याखाली डोकं घालून, गुडघ्यांवर रांगत, दातात टॉर्च धरून झुरळांचा माग काढतो आहे. गल्लीत त्यांचं नाव ‘झुरळेसाहेब’. लग्नाची स्थळं आली नाहीत असं नाही, पण मुलगा काय करतो हे कळलं की पाहुणे चहा अर्धा टाकून उठायचे. भावजी वर मलाच म्हणायचे, “वहिनी, त्यांना सांगायचं ना, मुलगा रोज शंभर-दोनशे जीवांना थेट स्वर्गात पाठवतो. एवढं पुण्य कोणत्या जावयाचं आहे?” मी मुंगीलाही फुंकर घालून बाजूला करणारी. मला हे बोलणं आवडायचं नाही. पण त्यांच्या हसण्यामागचं दुखणं मला दिसायचं, म्हणून गप्प बसायची.

त्यांचं काम मात्र देखणं. औषध म्हणजे एक गोड तपकिरी पेस्ट, सिरिंजमधून थेंबाथेंबाने लावायची. झुरळ गोडाला भुलून येतं, खातं आणि मरतं. इतर लोक दोन-चार कोपऱ्यांत पिचकारी मारून निघून जातात. भावजी मसुराएवढा एकेक थेंब लावतात. फ्रिजच्या मागे, बिजागरीच्या आत, नळाच्या चकतीखाली. एक फट सुटली तर घरी येऊन जेवण जात नाही त्यांना.

आणि अशा माणसाला चोर म्हणाले!

झालं असं. मुलींचं एक मोठं वसतिगृह आहे, दोनशे मुलींचा स्वयंपाक होतो तिथे. अकरा वर्षं ते भावजींकडेच आहे. गेले काही महिने तिथली झुरळं वाढत चालली आणि एक दिवस पावाच्या टोपलीतच निघालं. वसतिगृहाच्या बाईंनी कंपनीला तक्रार केली. कंपनीच्या साहेबाने, ज्याला अजून नीट दाढी येत नाही, खुर्चीत बसल्या बसल्या निकाल लावला. औषध दर महिन्याला जातंय, झुरळं मरत नाहीत, म्हणजे औषध लागतच नाही. लागत नाही तर जातं कुठे? बाहेर विकलं जातं. झालं! दोन आणि दोन पाच. भावजींच्या नावाने चोरीच्या आरोपाचं पत्र काढलं आणि त्यांच्या हातात वेगळा एक कागद दिला. त्यात छापलेलं होतं, ‘मी कंपनीचे औषध परस्पर विकले, याची कबुली देत आहे.’ सही केली तर ताकीद देऊन कामावर ठेवू. नाही केली तर पुढच्या शुक्रवारपासून येऊ नका.

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, “अरे, कर सही आणि मोकळा हो. चार अक्षरं तर आहेत.”

“दादा, त्या चार अक्षरांत मी चोर आहे.”

“कोण वाचतंय?”

“मी वाचलं ना.”

ह्यांचा स्वभाव मला माहीत आहे. ते बाहेर कोणाला दुखवत नाहीत, त्यामुळे घरातलंच कोणीतरी नेहमी दुखावतं. त्या दिवशी मी ह्यांच्याशी जेवणापुरतंच बोलले.

भावजींना वाटलं, औषधच नकली आलं असावं. ते सिद्ध करायला त्यांनी वसतिगृहातून वीसेक झुरळं काचेच्या बरणीत पकडून आणली. गळ्याला आतून तेल लावलं, वर जाळीचं फडकं बांधलं आणि बरणी ठेवली कुठे, तर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत! “चार दिवस, वहिनी. फक्त चार दिवस.” मी पदर नाकाला लावून हो म्हटलं. आत औषधाचे पाच थेंब ठेवलेले होते. तीन दिवस गेले, एकही मेलं नाही. भावजी खूश. “बघा, औषधात दमच नाही.”

मला मात्र राहवेना. झुरळ असलं तरी जीव आहे. विष नाहीतर उपास, हा कुठला न्याय? भावजी बाहेर गेल्यावर मी हळूच फडकं सारून चिमूटभर साखर आत टाकली. वाटलं होतं, झुंबड उडेल. एक आलं, मिशा लावल्या आणि चटका बसावा तसं मागे पळालं. दुसरंही तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर साखर जशीच्या तशी. तीन दिवसांचे उपाशी जीव साखरेला शिवत नाहीत!

भावजींपुढे कबूल करावंच लागलं. मला वाटलं रागावतील. ते बरणीसमोर उकिडवे बसले, साखरेचा कण न् कण न्याहाळला. मग म्हणाले, “वहिनी, औषधात खोट नाही. ह्यांना गोडच नको आहे.” भाजलेले शेंगदाणे चेचून, साखर न घालता, त्यांनी बोटभर लगदा आत ठेवला. अर्ध्या तासात सगळी बरणी त्यावर तुटून पडली.

“म्हणजे शिकली की हो ही,” मी म्हटलं. “गोड खाल्लं की मरायला होतं, हे कळलं त्यांना.”

“कोण शिकणार? ज्याने खाल्लं तो मेला. मेलेला काय शिकणार आणि कोणाला शिकवणार?”

“मग?”

“आपली धाकटी आठवते? दुधात साखर घातली की थुंकायची. तिला कोणी शिकवलं होतं?”

कोणी नव्हतं शिकवलं. माझी थोरली लेक साखरेचा डबा लपवावा लागेल अशी, आणि त्याच पोटची धाकटी गोड पाहून तोंड वाकडं करणारी. जन्मतःच तशी. देवाने कोणतीही दोन लेकरं एका साच्यातून काढलेली नाहीत, हे मी रोज पाहते. झुरळांना तरी तो एकाच साच्यातून कशाला काढेल?

“हजारांत चार-पाच अशी असणारच,” भावजी म्हणाले, “ज्यांना गोड कडू लागतं. एरवी त्यांचा काही फायदा नाही, उलट उपाशीच राहायची बिचारी. पण मी गोड विष ठेवलं. गोडघाशी मेली, ही उरली. उरलेल्यांना पिल्लं झाली, आईबापांवर गेलेली. एकेका पिशवीत तीस-चाळीस अंडी. वर्षात तीन-चार पिढ्या. मी परत तेच गोड घेऊन हजर. अकरा वर्षं! झुरळ एकही बदललं नाही, वहिनी. जमात बदलली.”

मला एकदम काहीतरी आठवलं. मी उठून जुन्या वह्या काढल्या. भावजी ओट्याशी उभं राहून जे सांगायचे ते मी लिहायची ना! सहा वर्षांपूर्वीच्या वहीत सापडलं: ‘भावजी म्हणाले, वसतिगृहात चार झुरळं थेंबापर्यंत येऊन मागे फिरली. मी म्हटलं, पथ्यावर असतील. खूप हसलो.’ तीन वर्षांपूर्वी: ‘निम्मी झुरळं औषधाला वळसा घालतात म्हणे. वसतिगृहाच्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुम्ही झुरळं मारा, गप्पा नका मारू.’ आणि या वर्षीचं: ‘एकही शिवत नाही.’ चार, मग निम्मी, मग सगळी. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं आणि मी त्यावर विनोद केला होता. माझा मलाच संताप आला.

भावजी वही वाचत होते. त्यांचा चेहरा उतरला. “हे मीच केलं, वहिनी.”

“काहीतरीच काय?”

“खरंच. दुसरा कोणी असता, निम्म्या फटी सोडून गेला असता, तर गोडघाशीही जगली असती, त्यांचीही पिल्लं यांच्यात मिसळली असती. हे इतक्या लवकर झालं नसतं. मी एक फट सोडली नाही. गोड खाणारं एक ठेवलं नाही. निवडून निवडून हेच वाण पोसलं.”

हे ऐकून माझ्या अंगाची आग झाली. म्हणजे कामचोराच्या हाताखाली झुरळं मरत राहिली असती आणि त्याला कोणी काही म्हटलं नसतं. ज्याने जीव ओतून काम केलं तोच चोर! देवा, हा हिशेब तुझा नाही, माणसांचाच आहे, हे मला ठाऊक आहे. तरी तुलाच विचारते.

पुरावा पुरा व्हायला दुसरी बरणी लागत होती. जिथे हे औषध कधी लागलंच नाही अशा जागेतली. पलीकडच्या गल्लीत बाइंडरकाकांचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. जन्मात त्यांनी औषध मारू दिलं नाही, कागदाला वास लागतो म्हणून. भावजी तिथे गेले तर काका म्हणाले, “पाहिजे तेवढी ने. पण माझी झुरळं जुन्या वळणाची आहेत हो, मिळेल ते खाणारी.” नेमकी तशीच हवी होती.

गुरुवारी दुपारी भावजी दोन बरण्या पिशवीत घेऊन कंपनीत निघाले. मी वह्या घेऊन बरोबर गेले. हे म्हणाले, “तू कशाला?” मी म्हटलं, “कोणीतरी मोठं नको का बरोबर?” ह्यांनी पेपर वर केला.

साहेबाने आधी खुर्ची मागे ओढली. भावजींनी शांतपणे टेबलावर कागद अंथरला, बरण्या ठेवल्या आणि म्हणाले, “सीलबंद औषध तुम्हीच फोडा. तुमच्याच हाताने थेंब टाका. दोन्हींत सारखे.” साहेबाने टाकले, नाक मुरडून. वर काळं फडकं घातलं, कारण झुरळं उजेडात खायला बुजतात. तासाभराने फडकं काढलं. बाइंडरकाकांच्या बरणीतले थेंब साफ, आणि दोन झुरळं तर उताणी होऊन पाय झाडत होती. वसतिगृहाच्या बरणीत थेंब जिथल्या तिथे, झुरळं काचेला चिकटून दूर. मग भावजींनी त्यांना शेंगदाण्याचा लगदा दिला आणि साहेबाच्या डोळ्यांदेखत, उजेडाचीही पर्वा न करता, सगळी त्यावर धावली. मी वह्यांची तीन पानं उघडून पुढे केली.

साहेब म्हणाला, “हुशार झाली की हो झुरळं!”

“झुरळं होती तशीच आहेत, साहेब,” भावजी म्हणाले. “आपण अकरा वर्षं एकच चाळणी लावली. जे खाली पडलं ते गेलं, वर राहिलं ते वाढलं.”

“बरं, बरं. बिनगोडाचं औषध मागवतो. उद्यापासून या कामावर.”

“आणि ते पत्र? चोरीचा आरोप?”

“ते आता फाईलला लागलंय. राहू द्या, कोण बघतंय?”

कोण वाचतंय, कोण बघतंय! सगळ्या जगाला हे एकच वाक्य पाठ आहे. मी तोंड उघडणार इतक्यात भावजींनी तो कबुलीचा कागद, बिनसहीचा, टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर वसतिगृहाची जिवंत बरणी ठेवली.

“मग हीसुद्धा फाईलला लावा,” म्हणाले, “दोन्ही एकत्रच राहू देत. आरोप निघाला की मी येतो बरणी न्यायला.”

आणि आम्ही निघालो. मागे साहेब ओरडत होता, “अहो! अहो, फडकं घट्ट बांधलंय ना?” लगदा घातल्यावर ते नुसतं वर टाकलेलं होतं, बांधलेलं नव्हतंच. मी सांगितलं नाही. देव क्षमा करो.

अकरा दिवस भावजी घरी होते. अकराव्या दिवशी, म्हणजे काल, पत्र आलं. एक ओळ: ‘आपल्यावरील आरोप मागे घेण्यात येत आहे.’ ‘चुकलो’ असं नाही, ‘क्षमा असावी’ असंही नाही. आरोप जणू स्वतःच चालत आला होता आणि स्वतःच परत निघाला! भावजींनी दोनदा वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे दिलं. म्हणाले, “तुमच्या वहीत ठेवा. इथे तरी कोणी वाचेल.”

सकाळी इथवर लिहून झालं होतं, पुढचं आता रात्री लिहिते आहे. आज ते कामावर गेले. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या म्हणे, “अहो, हे आधीच नाही का सांगायचं?” भावजी नुसते हसले. मला नसतं जमलं.

संध्याकाळी आले आणि नेहमीसारखे ओट्याशी उभे राहिले. खिशातून कंपनीचं नवं परिपत्रक काढलं. ‘यापुढे सर्व ठिकाणी नवे, बिनगोडाचे औषध वापरावे. हेच व फक्त हेच.’ भावजींनी साहेबाला सांगून पाहिलं होतं, आलटून पालटून वापरा, दोन-तीन तऱ्हेची ठेवा. साहेब म्हणाला, “तुम्ही औषध लावा, धोरण आम्ही बघतो.”

“म्हणजे हे बिनगोडही न आवडणारं एखादं कुठेतरी असेलच,” मी म्हटलं.

“असणारच, वहिनी. वहीत आजची तारीख घाला. आणि पहिलं झुरळ मागे फिरेल त्या दिवशीचीही घाला.”

तारीख घातली आहे. खाली जागा मोकळी ठेवली आहे. या वेळी विनोद केलेला नाही.