कुरासे मारूवरचा सुतार

‘मौल्यवान मालासह सागरार्पण झाले.’ दगडावरची ही ओळ माझी आहे. ती लिहायला मला वीस मिनिटं लागली होती.

कुरासे मारू हे जपानी मालवाहू जहाज दुसऱ्या महायुद्धात बुडालं, त्याला त्या वर्षी चाळीस वर्षं होत होती. बुडालेल्या आणि वाचलेल्या खलाशांच्या घरच्यांची आमच्या मोजी बंदरात एक स्मृतिसमिती आहे. अकरा घरं. त्यांनी दगड उभारायचं ठरवलं. मजकुराचा प्रश्न आला, तेव्हा अध्यक्ष इसोगाई म्हणाले, “ग्रंथालयातली ती मुलगी साहित्य शिकलीय. तिच्याकडून घ्या चार ओळी.” इसोगाई हे जहाजाच्या कप्तानाचे चिरंजीव. त्यांचा वाफवलेल्या माशाच्या वड्यांचा कारखाना आहे. समुद्राशी त्यांचा संबंध तेवढाच.

त्यांनी मला जहाजाची जुनी मालयादी दिली. साखर. कातडी. कथलाच्या विटा. शेवटी ‘इतर – ६८०’. मी ते सगळं ‘मौल्यवान माल’ या दोन शब्दांत बसवलं. समितीला ते फार आवडलं. एका बाईंनी डोळे पुसले.

आठवड्याभरानं एक म्हातारा ग्रंथालयात आला. बुटका, जाड मानेचा, हातात मसुद्याचा कागद. कागद त्यानं माझ्या टेबलावर पालथा ठेवला.

“हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“काय शिकलीस?”

“साहित्य.”

“किती वर्षं?”

“चार.”

“चार वर्षं,” तो म्हणाला. “आणि ‘इतर’ म्हणजे काय, हे विचारावंसं वाटलं नाही. तुला काय वाटलं, पोती?”

मला पोतीच वाटली होती. मी तसं सांगितलं.

“पोती खालून डबे वाजवत नाहीत, पोरी.”

ते उरामोतो तोकुजी. कुरासे मारूवरचे सुतार. त्या जहाजावरून वाचलेल्यांपैकी एवढे एकच तेव्हा जिवंत होते. त्यांना मी आजोबा म्हणायला लागले. त्यांनी परवानगी दिली नाही आणि हरकतही घेतली नाही.

आता तेही नाहीत. जानेवारीत गेले. समितीनं फुलांचं मोठं चक्र पाठवलं होतं.

ते बंदरामागच्या चढावर राहायचे. युद्धानंतर ते जहाजावर चढले नाहीत. लाकडी न्हाणीची पिंपं बनवत राहिले. दर गुरुवारी मला सुट्टी असे. मी जाऊन त्यांच्या भुशात बसायची. ते काम करत आणि लोकांना नावं ठेवत. कुणालाच सोडत नसत. भिक्षू उदबत्तीपेक्षा जास्त धूर करतात. कंपनीचे साहेब बुडालेल्या जहाजाचा विमा आधी बघतात आणि माणसं नंतर. अमेरिकन पाणबुडीवाल्यांनी आपल्या दोस्तांचीच कैद झालेली माणसं बुडवली आणि त्यासाठी पदकं छातीवर लावली.

“त्यांना कसं कळणार?” मी म्हटलं. “जहाजावर खूण नव्हती ना?”

“खूण कशी असेल? कैदी आहेत असं रंगवलं, तर मग साखर कशी न्यायची? तोफ कशी ठेवायची? खूण नव्हती म्हणून त्यांनी मारलं, आणि ते मारतील हे आम्हाला ठाऊक होतं म्हणून कैद्यांवरची झाकणं बंद ठेवली. सगळे हुशार होते. एकही मूर्ख नव्हता त्या समुद्रात.”

त्यांनी मला सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, रंधा मारता मारता.

जहाज तैवानच्या ताकाओ बंदरातून निघालं. पुढच्या मालकोठीत तळाला साखर. साखरेवर फळ्या टाकून एकावर एक माळे केले होते. ते आजोबांनीच केले. दोन माळ्यांत बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल एवढंच अंतर. त्यात सहाशे ऐंशी माणसं. इंग्रज आणि डच. काही ताप आलेले, बरेच हगवणीचे. शिडी काढून घेतली. एका बादलीतून भात खाली जायचा, दुसऱ्या बादलीतून घाण वर यायची. दोन्ही बादल्या सारख्या होत्या. तिसऱ्या दिवशी आजोबांनी एका बादलीला पांढरा पट्टा मारला.

“ती माझी माणुसकी,” ते म्हणाले. “लिहून ठेव. दगडावर जागा असेल तर कोरा.”

पाणी कमी सोडलं जायचं. वर पाणी भरपूर होतं. स्वयंपाकघरातला एक जण घड्याळाच्या बदल्यात दोरीनं बाटली सोडायचा. “दगडावर तिसरं नाव त्याचं येणार आहे. बुडाला तेव्हा हातात चार घड्याळं होती. तुझ्या त्या रडणाऱ्या बाई, त्यांचा तो भाऊ.”



सुताराचं मुख्य काम कोठीची झाकणं. आधी जाड फळ्या, वर ताडपत्री, ताडपत्रीच्या कडेनं लोखंडी पट्टी, आणि पट्टी घट्ट बसवायला लाकडी पाचरी. एका झाकणाला बत्तीस. आजोबांनी एक पाचर मला हातात धरून दाखवली. तिची निमुळती बाजू कुठे हवी, ते सांगितलं. पाचर अशी ठोकायची की समोरून येणारी लाट तिला सैल करणार नाही, आणखी आत बसवेल. शिकाऊ माणसं उलटी ठोकतात. आजोबांनी कधी उलटी ठोकली नाही.

“हवेसाठी दोन फळ्या उघड्या असायच्या. क्युशू बेटाच्या जवळ आलो तेव्हा पाणबुडीची खबर आली. वरून हुकूम आला, सगळं बंद. मी बंद केलं. बत्तीस पाचरी. चोख. आतून आवाज येत होता. मी पाचर ठोकली की आतून तेवढ्याच वेळा ठोकायचे. बोलतायत असं वाटायचं.”

सकाळी नऊच्या सुमाराला टॉर्पेडो मागच्या बाजूला लागला. जहाज मागून भरत गेलं. पुढची कोठी कोरडी होती. आतले सगळे जिवंत होते. डबे वाजवत होते.

“बुडायला किती वेळ लागला?” मी विचारलं.

“चाळीस मिनिटं.”

“आणि पाचरी काढायला?”

“मला? चार मिनिटं. घाई नसेल तर पाच.”

ते रंध्याचं पातं पुसत होते.

“कप्तानांनी उघडू नका म्हणून सांगितलं होतं?”

“नाही.”

“मग पहारेकऱ्यांनी?”

“ते आधीच होडीत होते.”

“मग?”

“मग काय? उघडू नका असं कुणी म्हटलं नाही. उघडा असंही कुणी म्हटलं नाही. कप्तान माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. ते म्हणाले, ‘उरामोतो, अवजारं.’ जहाज सोडताना सुतारानं अवजारं बरोबर घ्यायची असतात. नाहीतर नंतर जबाब द्यावा लागतो. मी पेटी उचलली. हातोडा पेटीत ठेवला. होडीत बसलो.”

“तुम्ही घाबरला असाल, आजोबा. अशा वेळी माणूस...”

“गप्प बस.” आवाज चढला नव्हता. “मी घाबरलो नव्हतो. चाळीस मिनिटं होती, समुद्र शांत होता. मला साहित्य नको. तू कागदावर आकडा लिही.”

दुसरा टॉर्पेडो जहाजाला लागला, तेव्हा शेजारची कप्तानांची होडी उलटली. कप्तान आणि तेरा खलाशी बुडाले. त्या चौदा जणांसाठी हा दगड. आजोबा दुसऱ्या होडीत होते; त्यांना एका मासेमारीच्या बोटीनं उचललं. अवजारांची पेटी त्यांच्या मांडीवर होती.

आजोबांना फक्त एक गोष्ट हवी होती. ‘मौल्यवान माल’ जाऊन तिथे ‘कोठीत कोंडलेले सहाशे ऐंशी युद्धकैदी’ यावं. मी नवा मसुदा केला. इसोगाईंनी तो वाचला, छान आहे म्हणाले, आणि जुनाच मसुदा फिरत्या पाटीला लावला.

आमच्याकडे समितीत मतदान होत नाही. मतदान केलं की कोणीतरी हरतं, आणि मग रस्त्यात भेटल्यावर मान कशी लववायची? म्हणून पाटी घरोघर फिरते. प्रत्येक घरासाठी एक चौकोन. वाचायचं, चौकोनात सहीऐवजी घराच्या नावाचा शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. हरकतीसाठी चौकोन नसतो. हरकत असेल त्यानं पाटी पुढे द्यायची नाही, एवढंच. आजोबांनी पाटी सात आठवडे घरात ठेवली. इसोगाई दोनदा वड्यांचा डबा घेऊन आले. डबा आजोबांनी ठेवून घेतला. पाटी दिली नाही.

“वड्या बऱ्या असतात त्याच्या,” ते म्हणाले. “बापापेक्षा हा कामाचा आहे.”

सप्टेंबरात आजोबा छातीच्या तपासणीसाठी तीन दिवस इस्पितळात होते. घरी सून होती. फुसाए. नवरा दूरच्या बांधकामावर. ती सकाळी सहाला इसोगाईंच्याच कारखान्यात वड्या बांधायला जायची. शेजारीण पाटी मागायला आली. शिक्का दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर, वाटीत असायचा. टपालाचं पार्सल, दूधवाल्याची पावती, गल्लीच्या सफाईची पाटी, सगळ्यांना तोच. फुसाएनं एका हातानं बूट चढवत दुसऱ्या हातानं शिक्का मारला.

आजोबा घरी आले तेव्हा दगड कोरायला गेला होता.

आम्ही दोघं कारखान्यात गेलो. इसोगाईंच्या खोलीला मोठी काच आहे. काचेपलीकडे पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका रांगेत उभ्या होत्या. त्यांत फुसाए होती. इसोगाईंनी चहा मागवला.

“तब्येत कशी आहे, उरामोतोसान? आता आराम करा. सगळ्यांचे शिक्के आले.”

“माझा नाही आला.”

“आहे की.” त्यांनी पाटी पुढे केली. शिक्का थोडा तिरका होता.

“सुनेनं मारलाय.”

“घराचा शिक्का घराचाच असतो. कुणी मारला, हे आपण कधी विचारतो का?”

“मी विचारतोय.”

इसोगाईंनी काचेवर टकटक केलं. फुसाए आत आली. हातमोज्यांतून पाणी गळत होतं. टेबलावरची पाटी बघितली आणि तिला सगळं कळलं.

“बाबा, मी वाचलंच नाही हो. दिवसाला किती शिक्के मारते मी. मला वाटलं गटार सफाईचं असेल.”

“वाचलं नाही ना?” इसोगाई प्रेमानं म्हणाले. “म्हणजे हरकत नव्हती.”

इतका शुद्ध नीचपणा मी तोपर्यंत जवळून पाहिला नव्हता. आवाज मऊ होता. चहा चांगल्या प्रतीचा होता.

“उरामोतोसान, तुम्ही म्हणत असाल तर बैठक बोलावू,” ते पुढे म्हणाले. “फुसाएसाननी सगळ्यांसमोर सांगावं की शिक्का चुकीचा होता. दगडवाल्याला पुन्हा सांगू. अकरा घरं येतील. त्यांनाही वाईट वाटेल, कामावरच्या बायकांनाही. पण तुम्ही म्हणाल तसं.”

फुसाए खाली बघत होती. तिच्या बुटांभोवती पाण्याचं थारोळं झालं होतं.

आजोबांनी पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “जा,” ते म्हणाले. “तुझी रांग अडलीय.”

ती गेली. ते उठले. इसोगाईंनी दारापर्यंत येऊन कमरेत वाकून निरोप दिला. रस्त्यात मी म्हटलं, तुम्ही का नाही अडून बसलात? त्यांनी मागे वळून कारखान्याकडे पाहिलं आणि चालायला लागले.

अनावरण ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी होतं. दगड चांगला होता. काळा, गुळगुळीत. चौदा नावं आणि माझी ओळ. पांढरा तंबू, घडीच्या खुर्च्या, नगरपालिकेचा माणूस, वार्ताहर. जिवंत खलाशाला पहिली उदबत्ती द्यावीच लागते, म्हणून आजोबांना पुढे बोलावलं. त्यांनी काळा कोट घातला होता. फुसाएनं इस्त्री केलेला.

त्यांनी उदबत्ती लावली नाही. दगडाकडे पाठ केली आणि खुर्च्यांकडे तोंड केलं.

“या जहाजात सहाशे ऐंशी कैदी होते,” ते म्हणाले. “झाकण मी ठोकलं. जहाज बुडायला चाळीस मिनिटं लागली. झाकण उघडायला चार लागली असती. हातोडा माझ्याकडे होता. मी उघडलं नाही. तुमच्या वडलांनी, भावांनीही उघडलं नाही. यात माल...”

ध्वनिक्षेपकातून इसोगाईंचा आवाज आला. शांत, जड. “उरामोतोसानांनी इतकी वर्षं मनावर केवढं ओझं वाहिलं. त्यांच्या कष्टांना आपण सगळे मिळून दाद देऊ या.” आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

सगळ्यांनी वाजवल्या. नगरपालिकेच्या माणसानं वाजवल्या. घड्याळवाल्याच्या बहिणीनं डोळे पुसत वाजवल्या. वार्ताहरानं वही काखेत धरून वाजवल्या. आजोबांचे ओठ हलत होते. ऐकू काही येत नव्हतं. टाळ्या बराच वेळ चालल्या. दोन माणसांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून अगदी आदरानं खुर्चीत बसवलं. भिक्षूनं मंत्र सुरू केले.

नंतर जेवणाचे डबे वाटले. इसोगाईंच्या वड्या होत्या.

बसमध्ये आजोबा खिडकीशी बसले. बंदर मागे गेलं. त्यांनी बराच वेळ माझ्या हातांकडे पाहिलं.

“तू वाजवल्यास,” ते म्हणाले.

“हो.”

“का?”

खोटं बोलावंसं वाटलं. सुचलं नाही. “सगळे वाजवत होते,” मी म्हटलं.

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी मान हलवली, एखादा हिशेब जुळल्यासारखी.

“चाळीस मिनिटं अशीच गेली,” ते म्हणाले, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.