वाटणीत आलेल्या बातम्या

काल राजारामपुरीतल्या घरी जुना रेडिओ पुसताना त्याच्या फुटक्या कोपऱ्याला बोट लागलं आणि कुरुंदवाडचा तो रविवार आठवला. खोलीत चौघं होतो: वडील, काका, आई आणि अकरा वर्षांची मी. वाटणीत शेत, म्हशी, भांडी निम्मी झाली होती. रेडिओ एकच, म्हणून दिवसभराचे कार्यक्रम वाटले होते. बातम्या आणि शेतीची माहिती वडिलांची. श्रुतिका आणि सामन्याचं समालोचन काकांचं.

त्या दिवशी सामना लांबला. बातम्यांची वेळ होताच वडिलांनी स्टेशन बदललं.

"दोनच षटकं ऱ्हायल्यात की, दादा!"

"बातम्या माझ्या वाटणीच्या हायत."

काकांनी रेडिओ उचलून वडिलांच्या कपाळावर हाणला. रक्त डोळ्यांत उतरलं, तरी वडिलांनी काकांचा गळा धरून त्यांचं डोकं भिंतीवर तीनदा आपटलं. आई किंचाळत मध्ये पडली. जमिनीवर पडलेला रेडिओ मात्र शांतपणे हवामान सांगत होता.

दवाखान्यात टाके घालताना वडिलांनी विचारलं, "सामन्याचं काय झालं रं?"

"हरलो," काका म्हणाले आणि रडू लागले.

तेव्हा वाटलं, भांडण रेडिओचं होतं. आता कळतं, वाटणीनंतर दोघं एका खोलीत बसायचे ते रेडिओमुळेच.

टाके सात पडले. डॉक्टरांना साठ रुपये काकांनी दिले.