मामंजी आणि टेनिसवाले

माझे सासरे चेंडू मारत नसत, ठेवत असत. समोरचा खांद्यापासून हात फिरवून चेंडू भिरकावी, आणि मामंजी बॅट नुसती पुढे धरून तो जाळीपलीकडे असा सोडत, की जेमतेम वीतभर उसळे.

पिकलबॉल आमच्या बेटावर, मोंतान्य ब्लांश गावात आला तो ऐंशीनंतर. मामंजींचा अमेरिकेत शिकणारा पुतण्या सुट्टीत येताना चार लाकडी बॅटी आणि भोकाभोकांचे प्लास्टिकचे चेंडू घेऊन आला. व्हिलेज हॉलमधली बॅडमिंटनची जाळी खाली ओढली, तिच्या दोन्ही अंगांना खडूने एकेक पट्टी आखली. त्या पट्टीत उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही, एवढा नियम कळला की झालं. मामंजी सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. माझ्या नवऱ्याला खेळाचं वावडं, म्हणून त्यांनी जोडीला मला धरलं. सून-सासरा एका बाजूने खेळतात, हे बघायलाच सुरुवातीचे रविवार गर्दी व्हायची.

मग शहरातले टेनिसवाले यायला लागले. मामंजींना त्यांची भारी गंमत वाटे. "त्यांना जोर पायजे. आपण द्यायचाच नाय. दुसमा, पोरी, दुसमा." दुसमा म्हणजे इथल्या बोलीत हळू. मंडळी सवयीने मागच्या रेषेवर रेंगाळत. तेवढ्यात आम्ही पट्टीच्या कडेला पोचायचं आणि चेंडू अलगद त्यांच्या बाजूच्या पट्टीत टाकायचा. ते धावत येत, वाकत, कसाबसा वर उचलत, की तो त्यांच्या पायाशी दडपायचं काम माझं. खांद्याएवढा उंच चेंडू सणसणत आला की मामंजी ओरडत, "लेस ली!" सोडून दे. तो बहुधा मागच्या भिंतीवर जाऊन आपटे, आणि टेनिसवाला आपल्या बॅटकडे संशयाने बघत राही.

मला ही सगळी हुशारी वाटायची. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. एका सकाळी मामंजी तिथल्या बाकावर छातीला हात लावून बसलेले दिसले. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचं दुखणं आहे, जुनंच दिसतंय. धावायचं नाही, आणि दुखलं की जिभेखाली गोळी ठेवायची. बाहेर आल्यावर मामंजींनी माझं मनगट धरलं. "तुझ्या सासूला सांगू नको. ती मला खुर्चीत बसवील." तेव्हा उमगलं, धावावं लागू नये म्हणूनच या माणसाने खेळ एवढा हळू करून टाकला होता. मी शब्द दिला आणि माझ्या जिवाला घोर लागला.

पुढची दोन वर्षं मी चेंडूपेक्षा त्यांच्या ओठांचा रंग जास्त बघितला. सासूबाई खिसे तपासून कपडे धुवायच्या, म्हणून गोळ्या माझ्या कमरेला, रुमालात. मामंजी चिडवत, "माझ्याकडे काय बघतेस? बॉल माझ्या तोंडात आहे काय?" लोक हसत. मलाही हसावं लागे.

एका रविवारी एक इंजिनिअर आणि त्याची बायको आली. दोघंही टेनिसमधली, पण बाई चलाख. अर्ध्या डावातच तिने ताडलं की म्हातारा मागे जात नाही. ती चेंडू उंच, त्यांच्या डोक्यावरून टाकू लागली. मी त्यांच्या पाठीमागून पळत एकेक चेंडू काढत होते. सासूबाई बाकावर चहाचा थर्मास घेऊन बसल्या होत्या. अकराचा डाव, दहा-नऊने ते पुढे, आणि सर्व्हिसही त्यांचीच. तिने पुन्हा उंच टाकला, लांबच्या कोपऱ्यात, आणि मी नेमकी दुसऱ्या टोकाला अडकलेली. मामंजी वळले आणि धावले. त्यांचं नाव घेऊन ओरडावंसं वाटलं. सासऱ्याचं नाव कसं घेणार! दोन-तीन पावलांवर ते थांबले. चेंडू रेषेच्या आत पडला. इंजिनिअरला तो बाहेर वाटला होता. "आत," मामंजी म्हणाले, आणि तिथेच जमिनीवर बसले. सगळ्यांसमोर त्यांनी माझ्यापुढे हात केला. "गोळी दे."

सासूबाईंनी ते बघितलं. त्यांनी मामंजींचे बूट काढले, घाम पुसला आणि घरी आल्यावर माझ्याशी बोलणंच टाकलं. जेवायला वाढत, पण नजर भिंतीकडे. मामंजी पुन्हा खेळले नाहीत. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून असत, आणि सासूबाई रोज त्यांच्या छातीला कान लावून बघत. पुढच्या हिवाळ्यात, आमच्या बेटावर तो जुलैत असतो, ते दुपारच्या झोपेतच गेले.

तेरावं झालं. पाहुणे पांगल्यावर मी भांडी घासायला बसले, तशा सासूबाई शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ एकच ताट विसळत राहिल्या.

"तू मला आदी सांगितलं आसतंस," त्या म्हणाल्या, "तर म्या त्यास्नी त्या हॉलात पाऊल टाकू दिलं नसतं. दोन वर्सं आदीच त्या खुर्चीत बसवलं आसतं." मी मान खाली घातली. त्यांनी ओला हात माझ्या पाठीवर ठेवला.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या.