लिटरमागे पाऊण मैल

गाडी सुरू केली की मेजर लगेच निघत नसत. खाली उतरून बॉनेटवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि आम्हाला दटावायचे, "गप ऱ्हावा जरा. ती काय म्हणती ते ऐकू द्या." आम्हाला नुसती घरघर ऐकू यायची. त्यांना मात्र तिचं पडसं, ताप, पित्त सगळं कळायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला यंत्राची नाडी सापडते आणि माणसांच्या मनातलं काही म्हणजे काही कळत नाही.

फौजेतून ते नाईक म्हणून बाहेर पडले होते, पण औंधकडच्या त्यांच्या गावात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. सांगलीच्या आमच्या बेकरीची जुनी पिकअप ते चालवायचे. सकाळी पाव, बटर, खारी भरून आष्ट्याला, आणि तिथून पुढे ज्या गावाची मागणी असेल तिकडे. मी बेकरीचा कारकून. गाडी परत आली की मीटरचा आकडा आणि भरलेलं पेट्रोल वहीत लिहायचं काम माझं. मेजर वयाने वडील, तरी मला भाऊसाब म्हणत.

त्या वर्षी पेट्रोल एकाएकी कडाडलं. गाडी धूर ओकायची म्हणून मालकांनी मन मोठं करून मिरजेच्या मिस्त्रीकडे तिचं इंजिन खोलायला दिलं. नव्या रिंगा बसल्या, ब्रेकला नवे लायनर लागले. टायरही गुळगुळीत झाले होते, पण त्या मापाचे बाजारात मिळेनात. तेव्हा मेजर स्वतः रजा टाकून पुण्याला गेले आणि लष्कराच्या लिलावातला माल विकणाऱ्याकडून चार टायर घेऊन आले. मडगार्डात ते कसेबसे मावले. मेजरांना कोण आनंद! "मिलिटरीचा माल हाय भाऊसाब. मी मरंन, पर ह्ये झिजायचं न्हाईत."

इंजिन नवं झालं, आता पेट्रोल कमी लागेल असं सगळे धरून चालले होते. झालं उलटंच. लिटरला पाच मैल देणारी गाडी सव्वाचारवर आली. वरचा पाऊण मैल कुठे जातो ते कुणाला कळेना.

मालकांनी आधी हसत विचारलं, "काय मेजर, वाटेत कुणाच्या फटफटीला पाजता की काय?" मेजरही हसले. पुढच्या आठवड्यात मालकांनी तेच विचारलं, पण या खेपेला ते हसले नाहीत.

मग मेजर हात धुऊन गाडीच्या मागे लागले. कार्बुरेटर चार वेळा खोलला, प्लग घासले. एक थेंब तरी गळतोय का बघायला टाकीखाली कोरे कागद पसरले. ब्रेक धरतोय असं वाटलं म्हणून चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली. ती भिंगरीसारखी फिरली. उतार आला की इंजिन बंद करून गाडी सोडायचे. वजन कमी व्हावं म्हणून हत्यारांची पेटी उतरवली, पाण्याची कळशी उतरवली. एक दिवस म्हणाले, "भाऊसाब, डब्यातल्या दोन भाकरी बी कमी केल्या." मी खो खो हसलो. हसता हसता त्यांच्याकडे पाहिलं तर गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

मालकांनी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. पंपावर मी कुलूप काढायचो तेव्हा मेजर तोंड फिरवून उभे राहायचे. कुलूप लागल्यावरही आकडा सव्वाचारच राहिला. एवढ्यावर खरं तर त्यांची सुटका व्हायला हवी होती. पण फौजेत गाड्या खोलण्यात जन्म गेलेला माणूस, खालची नळी सोडवून पेट्रोल काढणं त्याला काय अवघड, असं मालक म्हणाले. मेजरांना गाडीतलं जेवढं कळत होतं, तेवढं सगळं त्यांच्यावरच उलटलं.

एका शनिवारी मेजर औंधच्या यमाईचा अंगारा पुडीत बांधून घेऊन आले. भट्टीवरची सगळी माणसं बघत असताना त्यांनी तो कपाळाला लावला. "आईची आण घिऊन सांगतो. एक थेंब काढला आसंल तर ह्ये हात झडतील."

"देवीला कशाला मध्ये आणता, मेजर?" मालक म्हणाले. "मीटरचं तुमच्याशी काही वैर आहे का?"

मेजर माझ्याकडे वळले. "भाऊसाब, तुमी तरी सांगा की."

मी वहीत मान घातली. आज लिहायला लाज वाटते, पण मलाही मीटरच खरा वाटत होता.

त्यांनी पुडी खिशात ठेवली. त्याच दिवशी गाडी धुऊन पुसून किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, टाचा जुळवून सलाम केला आणि एस.टी. स्टँडकडे चालू लागले. त्यांना कुणी थांबवलं नाही.

नवा ड्रायव्हर आला. त्याच्यावर नजर ठेवायला मालकांनी मलाच शेजारी बसवलं. तिसऱ्याच दिवशी आष्ट्यात चाक बसलं. गाडीची स्टेपनी तेवढी जुन्या मापाची राहिली होती. पंक्चरवाल्याने ती काढून पंक्चर झालेल्या चाकाशेजारी उभी केली आणि म्हणाला, "आवं, ही कसली जोडी? ह्ये बारकं न् त्ये मोठ्ठं!"

चांगला चार बोटांचा फरक होता. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, आणि मीटर तर नुसते फेरे मोजतो. गाडी रोज जास्त धावत होती आणि मीटर कमी सांगत होता. सांगलीला परतताना मी रस्त्याकडेचे दगड मोजत आलो. दगड किलोमीटरचे, आमचा मीटर मैलांचा, त्यामुळे दोन्हींचा मेळ कधी कुणी घातलाच नव्हता. मी घातला. पाऊण मैल जवळजवळ सगळा सापडला. राहिलेला त्या अवजड टायरांनी इंजिनाला दमवून खाल्ला असणार.

मालकांनी वही मागून घेतली आणि आकडे स्वतः ताडून पाहिले. मग म्हणाले, "त्यांना घेऊन या. म्हणावं, मी चुकलो."

मी मेजरांच्या गावी गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांना आनंद होईल, डोळ्यांत पाणी येईल, असं काहीबाही मनात धरून मी गेलो होतो. ते स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले.

"म्हंजी टायर," ते म्हणाले. "टायर तर मीच आणलं. ह्या हातानं चाकं फिरवली मी भाऊसाब, आन् मला कळलं न्हाई."

"कुणालाच कळलं नाही, मेजर. मालक चुकलो म्हणतात. चला."

"मालकांचं ऱ्हाऊ द्या. गाडी त्येंची, त्येंनी संशय घेतला. तुमी रोज माझ्यासंगं च्या पीत व्हता. तुमाला काय वाटलं व्हतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या माणसापुढे जीभ वळेना. "मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "खरं बोललासा, बरं झालं. आता माझ्यानं तितं येणं व्हायचं न्हाई."

एस.टी.पर्यंत ते माझ्याबरोबर आले. माझी पिशवी मला देईनात, स्वतःच धरून चालले. गाडी आली तशी पिशवी आत देऊन ते पाठमोरे झाले. मी खिडकीतून हाक मारली, मग पुन्हा एकदा मोठ्याने मारली. चार पावलांवर होते. वळले नाहीत.